डिजिटल ग्रंथालय आणि त्यात बसणारा माणूस

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे, ‘डिजिटल ग्रंथालय’. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे म्हणून हा विषय माझ्याकडं आला. आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीनं शाळेला आणि गावाला मिळून काहीतरी टिकाऊ द्यायचं ठरवलं. ग्रुपवर चर्चा झाली आणि एक यादी तयार झाली. दहा संगणक, एक स्मार्ट बोर्ड, एसी, टेबल-खुर्च्या आणि दारावर आपल्या तुकडीच्या नावाची पाटी. यातला पाटीचा मजकूर सगळ्यांत आधी पक्का झाला, हेही सांगून टाकते.

त्याच ग्रुपवर आपल्यातल्या एकानं विचारलं होतं, “आता सगळं मोबाईलवर मिळतं, मग ग्रंथालय पाहिजे कशाला?” त्याला उत्तर कुणी दिलं नाही, अंगठे मात्र पुष्कळ आले. प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर सापडल्याशिवाय यादीतली एकही वस्तू विकत घेऊ नये असं माझं मत आहे, आणि तेच सांगायला मी उभी आहे.

मोबाईलवर काय मिळतं ते आधी बघू. पुष्कळ मिळतं, आणि फुकट मिळतं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि काम वाईला चालायचं. शाळेच्या कपाटात त्याचे दोन-तीन जाडजूड खंड होते, कुलूप लावलेले. काचेतून नाव वाचायचं, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. आज तोच विश्वकोश गावातल्या कोणत्याही साध्या स्मार्टफोनवर उघडतो. राज्य मराठी विकास संस्थेनं जुने दुर्मिळ मराठी ग्रंथ स्कॅन करून ठेवलेत. साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, मराठी विकिस्रोत आहे. खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ पासून सगळ्यांना खुलं आहे. आपल्या लहानपणी लातूरला जाऊनही जेवढी पुस्तकं नुसती बघायला मिळाली नसती, तेवढी आज खिशात आहेत.

आता दुसरी बाजू. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना मी दर वर्षी विचारते, विश्वकोश फोनवर कुणी उघडलाय का? वर्गात शांतता असते. ही मुलं फोन वापरण्यात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. अंगठ्यानं इतक्या भराभर टाइप करतात की मला बघूनच दम लागतो. पण प्रकल्पासाठी माहिती शोधायला सांगितली की पहिल्या व्हिडिओत जे असेल ते, किंवा हल्ली एआयनं जे लिहून दिलं असेल ते, जसंच्या तसं आणतात. कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, त्याला कशाचा आधार आहे, हे विचारायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पोहता येत नसलेल्याला आपण मांजरा धरणाच्या मधोमध सोडलं आणि वर म्हणतोय, बघ, पाणी किती आहे!

हे फक्त अभ्यासापुरतं असतं तर मी इतकं बोलले नसते. किल्लारीचंच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. त्याबद्दल मी इथं काही सांगणार नाही. या मांडवात प्रत्येकाला ती आपापली माहीत आहे. सांगायचं आहे ते नंतरचं. जमीन जरा हलली की आपल्याकडं आजही माणसं अंगणात येऊन बसतात. पूर्वी अफवा गल्लीतून यायची, आता ती उशाखालच्या फोनमधून येते. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि मग १० जुलैला हिंगोलीकडं धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. अशा वेळी एकच निरोप वेगवेगळे कपडे घालून फिरतो. आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार, परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सांगितलंय, आपल्या माणसांना कळवा. माझ्या आईनं असा निरोप आल्यावर अख्खी रात्र बाहेर बाजेवर काढली. मी फोन करून समजावलं तर म्हणाली, “खोटं असंल ग, पण खरं निघालं तर?” ज्या बाईनं ती पहाट पाहिली आहे, तिला याचं उत्तर फोनवरून देता येत नाही.

भूकंप कधी, कुठं आणि किती मोठा होणार हे तारीख-वेळेसह आधी सांगणारं शास्त्र आजवर जगात कुणाकडं नाही. धक्का बसून गेल्यावर मात्र त्याची वेळ, ठिकाण, खोली आणि तीव्रता राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर येते. त्यांचं ‘भूकंप’ नावाचं अ‍ॅपही आहे. हे उघडायचं कसं, त्यावर काय वाचायचं आणि आलेला निरोप त्याच्याशी ताडून कसा बघायचा, हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. गेल्या दिवाळीत आईला मी ते शिकवलं. आता गल्लीतल्या बाया तिला विचारायला येतात. डिजिटल साक्षरता म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी आईच्या ओट्याकडं बोट दाखवते. फक्त प्रत्येक गल्लीत एखादी ग्रंथपालाची आई असायला हवी, ही अडचण आहे.

दुसरी गोष्ट फॉर्मची. आपल्यातले निम्मे शेतकरी आहेत, त्यांना मी काय सांगणार! १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतःच्या गटात उभं राहून फोनवरून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. ती नोंद सातबाऱ्यावर येते, आणि नसेल तर पुढं विम्याला, हमीभावाच्या खरेदीला, भरपाईला अडतं. सोयाबीन शेतात उभं आहे पण कागदावर नाही, असं होऊ शकतं. पीएम-किसानचं ई-केवायसी, शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सगळं त्याच वाटेनं. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. पूर्वी लेकरू बापाबरोबर जाऊन कॉलेजच्या खिडकीवर अर्ज द्यायचं. आता पसंतीक्रम भरायचा, मुदतीच्या आत कायम करायचा, यादी बघायची. यात चूक झाली तर पोरीचं वर्ष जातं किंवा शाखा बदलते. आणि हे सगळं बहुतेक घरांत कोण करतं? चौकातला दुकानदार. तो वाईट माणूस नाही, त्याचा तो धंदा आहे. पण आपला आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, मोबाईलवर आलेला ओटीपी हे सगळं आपण त्याच्या हातात देतो आणि त्यानं काय भरलं ते न वाचता घरी येतो. मग कधीतरी ‘मी पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे’ असा फोन येतो आणि निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी जाते. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, एवढी दोन वाक्यं वेळेवर सांगणारं कुणी जवळ नसतं. आपले गुरुजन समोर आहेत म्हणून मुद्दाम सांगते, हा क्रमांक आजच लिहून घ्या.

म्हणून ‘ग्रंथालय कशाला पाहिजे’ या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. सगळं मोबाईलवर मिळायला लागलं, म्हणून तर पाहिजे. पूर्वी वस्तू मिळत नव्हती, तेव्हा ती आणून ठेवणं हे ग्रंथालयाचं काम होतं. आता वस्तूंचा ढीग पडला आहे, तर त्यातलं काय घ्यायचं हे समजावणं हे काम आहे. दुकानदार ते करणार नाही, आणि त्यानं ते करावं अशी अपेक्षाही नाही.

आपल्या भागात वाचनालयानं पुस्तकांपलीकडचं काम करणं नवीन नाही. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालायचा, सभा घ्यायची तर परवानगी लागायची. त्या काळी मराठी शाळा आणि वाचनालयं हीच माणसं एकत्र येण्याची जागा होती. आपल्या शेजारी लोहारा तालुक्यात हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते ते पुढं झाले, आधी ते आपल्यासारख्या पोरांचे गुरुजी होते. मुक्तीनंतर हैदराबाद राज्यानं १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. तेव्हा आपण त्या राज्यात होतो. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, अंमलात आला १ मे १९६८ ला.

हा कायदा चांगला आहे, पण त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. आपल्याकडं ग्रंथालय गावातली संस्था चालवते आणि सरकार अनुदान देतं. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. राज्यात अशी ११ हजारांहून अधिक ग्रंथालयं आहेत, देशात एवढं जाळं फार थोड्या राज्यांत आहे. पण गावातली बहुतेक खालच्या वर्गातली, आणि तिथल्या ग्रंथपालाला त्या पैशात घर चालवता येत नाही. तो दिवसभर दुसरं काहीतरी करतो आणि जमेल तेव्हा कुलूप उघडतो. अशा ठिकाणी संगणक दिला की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गावात, नाव सांगत नाही, योजनेतून चार संगणक आले. मी दीड वर्षानं गेले तेव्हा त्यातले दोन खोक्यातच होते. एकावर धूळ बसू नये म्हणून नक्षीचं कापड घातलं होतं. चौथा कुणाच्या तरी घरी ‘सुरक्षित’ होता. वीज होती, संगणक होते, फक्त ते चालू करून ‘ये, बस’ म्हणणारं कुणी नव्हतं.

आपल्या सीमेपलीकडं बघा. बिदर, कलबुर्गी ही काही परकी गावं नाहीत, आपल्या कितीतरी मुली तिकडं दिल्या आहेत. कर्नाटकात ग्रंथालयासाठी कर आहे. २०१९ मध्ये त्यांनी ग्रामपंचायतींची ग्रंथालयं, पाच हजारांहून अधिक, ग्रामविकास खात्याकडं दिली. प्रत्येकात एक पर्यवेक्षक नेमलेला आहे. २०२० च्या नोव्हेंबरात, कोरोनानं शाळा बंद असताना, त्यांनी ‘ओदुव बेळकु’ ही मोहीम काढून गावातल्या मुलांना फुकट सभासद करून घेतलं. ओदुव बेळकु म्हणजे वाचनाचा उजेड. संगणक आणि डिजिटल साहित्यही तिथं गेलं, पण ते अशा जागी गेलं जिथं आधीपासून कुणीतरी बसत होतं. सगळीकडं ते छान चाललंय असं मी म्हणणार नाही, सरकारी काम ते सरकारी काम. पण क्रम त्यांचा बरोबर आहे.

आणि क्रमाचं सांगायचं तर कर्नाटकापर्यंत जायची तरी काय गरज? भूकंपानंतर आपली शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची, आठवतं? उन्हात पत्रा तापायचा, पावसात सरांचा आवाज ऐकू यायचा नाही. राज्यभरातून मदतीचे ट्रक येत होते. त्यातल्या एका ट्रकमधून कपड्यांच्या गाठोड्यांबरोबर पुस्तकं आली. कुणाचे जुने दिवाळी अंक, कुणाची गोष्टींची पुस्तकं, एक इंग्रजी शब्दकोश, आणि का कोण जाणे, शिवणकामाची तीन पुस्तकं. मराठीच्या सरांनी ती एका पत्र्याच्या पेटीत भरली, एका दोनशेपानी वहीवर रेघा मारून नोंदी केल्या आणि शनिवारी शाळा सुटल्यावर पेटी उघडायला सुरुवात केली. सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून मला जरा संकोच वाटतोय, पण सांगते. पेटी उघडून ते बाजूला झाले नाहीत. कुणाच्या घरात काय घडलंय हे त्यांना माहीत होतं. आमच्या वर्गातला एक मुलगा त्या दिवसांत बोलायचाच नाही. त्याला त्यांनी गोष्टीचं पुस्तक दिलं नाही, शब्दकोश दिला आणि सांगितलं, रोज पाच शब्द माझ्या वहीत उतरवून दे. तो मुलगा आज इथं आहे आणि बराच बोलतो, तुम्हाला माहीतच आहे. पेटीत पुस्तकं किती होती? शंभरसुद्धा नसतील. पण आपल्या तुकडीतले जे कुणी आज वाचतात, ते त्या पेटीतूनच शिकले असं मला वाटतं.

आता पुस्तकांच्या मालकीबद्दल थोडं, कारण देणग्या गोळा करणाऱ्यांनी हे समजून घेतलं पाहिजे. कागदी पुस्तक घेतलं की ते आपलं. दहा जणांना द्या, पन्नास वर्षं ठेवा. ई-पुस्तकाचं तसं नाही. बरेचदा आपण वाचण्याची परवानगी विकत घेतो. वर्गणी भरणं थांबलं की कपाट रिकामं. मोठ्या महाविद्यालयांनाही याचा फटका बसतो, गावाला तर परवडणारच नाही. म्हणून वर्षाला पैसे मागणाऱ्या कोणत्याही ‘पॅकेज’वर सही करण्याआधी मला एकदा दाखवा. शिवाय फोनवर फिरणारी सगळी पीडीएफ पुस्तकं कायदेशीर नसतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडं राहतात, आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून होते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळं आहे. अण्णा भाऊ साठे १९६९ ला गेले, त्यांचं १ जानेवारी २०३० ला मोकळं होईल. आज लिहिणाऱ्या लेखकाचं पुस्तक चोरून ग्रुपवर टाकायचं आणि दुसरीकडं मराठी पुस्तकं खपत नाहीत म्हणून हळहळायचं, हे आपण शिकलेल्या लोकांनी तरी करू नये.

यात एक चांगली सवलत मात्र आहे आणि ती फार कमी जणांना माहीत आहे. दृष्टिहीन किंवा छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात करून द्यायला आपला कायदा परवानगी देतो. याविषयीचा जागतिक करार मराकेशचा, २०१३ मधला, आणि त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत. तो करार लागू झाला ३० सप्टेंबर २०१६ ला. तारीख वाचून मी क्षणभर थांबले होते. ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचा ऑनलाइन संग्रह अशा वाचकांसाठीच आहे. आपल्या पंचक्रोशीत अशी लेकरं आहेत, म्हातारपणी दृष्टी गेलेली माणसं आहेत. त्यांच्यापर्यंत हे कुणी नेणार असेल तर ते ग्रंथालयच नेईल.

नुसतं स्कॅन करून ठेवण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या यादीच्या शेवटी ‘जुन्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन’ असं एका ओळीत लिहिलंय. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, महसुली कागद, सगळं बाहेर आलं, स्कॅन झालं, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढलं. आरक्षणाच्या प्रश्नावर मला इथं काही बोलायचं नाही, या मांडवात सगळ्या मतांची माणसं आहेत. पण ग्रंथपाल म्हणून मी एक गोष्ट बघितली. कागद पडद्यावर आला, तरी तो मोडीत किंवा उर्दूत होता. माणसं पणजोबांच्या नावाची नोंद समोर उघडून बसली होती आणि त्यांना ती वाचता येत नव्हती. मोडी वाचणाऱ्या निवृत्त माणसांच्या दारात रांगा लागल्या. शिवाय स्कॅन म्हणजे फोटो. त्याची नीट सूची केली नाही तर हजार पानांतलं आपलं पान शोधणार कसं? सूचीही युनिकोडमध्येच हवी. जुन्या फॉन्टात केलेली एक अख्खी सूची आमच्याकडं संगणक बदलल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन बसली. ती पुन्हा हातानं टाइप करायला दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या.

आपल्या गावाचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. जुन्या किल्लारीचा एखादा फोटो किती घरांत उरला आहे? माळवदाची घरं, नीलकंठेश्वराकडं जाणारी वाट, आपली जुनी शाळा. जे होतं ते ढिगाऱ्यात गेलं. जे वाचलं ते पुण्या-मुंबईला किंवा सासरी गेलेल्या मुलींच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बममध्ये कुठंतरी मागं दिसतं. ९३ नंतर जन्मलेल्यांना जुनं गाव ठाऊक नाही, आणि ज्यांना गल्ली न् गल्ली ठाऊक आहे ती माणसं आता ऐंशीच्या पुढं गेली. त्यांचे आवाज मुद्रित करायला महागडं काही लागत नाही, साधा फोन पुरतो. कोण बोलतंय, कधी, कशाबद्दल, एवढं लिहून ठेवायचं आणि तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. एक तरी गावाबाहेर, याचं कारण आपल्याला कुणी समजावायला नको. शाळेच्या रजिस्टरचं मात्र वेगळं आहे. त्यात माणसांच्या जन्मतारखा आणि जाती आहेत. ती शाळेच्या परवानगीनं स्कॅन करून जपायची, नेटवर टाकायची नाहीत.

आता माझी यादी. दहाऐवजी तीन संगणक घ्यावेत, एक बरा स्कॅनर, एक प्रिंटर, इन्व्हर्टर आणि इंटरनेट. स्मार्ट बोर्ड आणि एसी नको, पंखे पुरेत. पुस्तकांची दोन कपाटं, कुलूप नसलेली. एक संगणक ४० हजारांचा धरला तर सात कमी केल्यावर २ लाख ८० हजार वाचतात. गावातल्याच एका पदवीधर मुलीला महिन्याला ८ हजार मानधन दिलं तर वर्षाचे ९६ हजार होतात. म्हणजे नुसत्या त्या सात संगणकांत जवळपास तीन वर्षांचं मानधन निघतं. बोर्ड आणि एसीचे पैसे यात मिळवले की पाच वर्षांची सोय होते. ८ हजार हा काही भरघोस आकडा नाही, हे मला कळतं. वर्षाला थोडी भर घालता आली तर घालू.

मुलगी असं मी ठरवून म्हटलं. चौकातल्या दुकानात आपल्या पोरी जाऊन बसत नाहीत, आणि घरात असलेला एक फोन आधी भावाच्या हातात जातो. टेबलापाशी एखादी ताई बसलेली असेल तर आया पोरींना पाठवतील, स्वतःही येतील. वेळ संध्याकाळी साडेपाच ते आठ, आणि प्रवेशाच्या, पीक पाहणीच्या, विम्याच्या मुदतीत रविवारीसुद्धा. एक नियम मात्र कडक हवा, फॉर्म ताईनं भरायचा नाही. शेजारी बसून ज्याचा त्यानं भरायचा, ओटीपी ज्याचा त्यानं टाकायचा. सुरुवातीला वेळ लागेल, लोक चिडतील, ‘दुकानात पाच मिनिटांत होतं’ म्हणतील. म्हणू द्या. तिला शिकवायची जबाबदारी माझी. महिन्यातले दोन शनिवार मी लातूरहून येईन.

नाव कसलंही द्या, पाटीला माझी हरकत नाही. ग्रामपंचायतीकडं खोलीचा विषय निघाला आहे आणि शाळेनंही एक वर्ग देऊ केला आहे. मला शाळेचा वर्ग बरा वाटतो, पण त्याला रस्त्याकडून वेगळं दार पाडावं लागेल, म्हणजे शाळा सुटल्यावर गाव आत येऊ शकेल. बांधकामातले आपले दोन मित्र जेवणानंतर जागा बघून येणार आहेत.

चहाच्या टेबलाजवळ मी एक दोनशेपानी वही ठेवली आहे. गावात राहणाऱ्यांनी त्यात आठवड्यातला एक वार लिहावा, त्या संध्याकाळी ताईसोबत कुणीतरी मोठं माणूस असलेलं बरं. बाहेरगावच्यांनी आपल्या घरातल्या जुन्या फोटोंची नोंद करावी. फोटो आत्ता नको, कुणाचा आणि कुठला एवढंच लिहा. पहिली नोंद झाली आहे. मराठीच्या सरांनी आल्याआल्या लिहिलं आहे: पत्र्याची पेटी, एक. माझ्या घरी आहे, गंजली आहे, नेऊन टाका.